मूकपटातले विनोदवीर मुलांना कुठून दाखवायचे, आणि ते सगळे एवढे पळत का असतात?

प्रश्न थोडक्यात असा आहे. घरी आठ आणि बारा वर्षांची मुलं आहेत, सुट्टीत त्यांना चॅप्लिन दाखवू म्हणून मोबाइल टीव्हीला जोडला, दहा मिनिटांत दोघंही उठून गेली, आणि स्वतःलाही लहानपणी यायचं तसं हसू आलं नाही. तर चॅप्लिन सोडून आणखी कोण बघावं, चॅप्लिन मोठा की बस्टर कीटन, आणि ही सगळी माणसं चावी दिल्यासारखी एवढी पळत का असतात?

मी तीसेक वर्षं एडिटिंग करतोय, त्यातली बरीचशी विनोदी मालिका कापण्यात गेली, आणि गेली काही वर्षं शनिवार-रविवार शाळेतल्या मुलांसाठी फिल्म बघायच्या कार्यशाळा घेतो. तिथे मूकपट दरवेळी दाखवतो आणि मुलं उठून जात नाहीत. पण त्यासाठी दोन-तीन गोष्टी आधी सांभाळाव्या लागतात, म्हणून पळण्याच्या प्रश्नापासूनच सुरुवात करतो, कारण माझ्या मते बाकीचं सगळं दुखणं तिथूनच सुरू होतं.

त्या काळी कॅमेरामन हातानं हँडल फिरवायचा. साधारण सेकंदाला दोन फेरे, एका फेऱ्यात आठ फ्रेम, म्हणजे आठ स्थिर चित्रं, म्हणजे सेकंदाला १६ फ्रेम. वर्षं जातील तसा हा वेग वाढत गेला, १९२० नंतर २०-२२ पर्यंत आणि कधी त्याच्याही पुढे. मग १९२७ च्या सुमाराला बोलपट आले आणि आवाज बेसूर होऊ नये म्हणून वेग एकच ठेवणं भाग पडलं, तो २४ ठरला. आता हिशोब करा, ३५ एमएमच्या एका फुटात १६ फ्रेम असतात, रीळ असायचं हजार फुटांचं, म्हणजे १६ हजार फ्रेम. १६ च्या वेगानं ते चाललं तर १६ मिनिटं ४० सेकंद, आणि तेच २४ नं पळवलं तर ११ मिनिटांत संपलं. माणूस दीडपट वेगानं चालणार, दीडपट वेगानं टोपी उचलणार, दीडपट वेगानं पडणार. आपण लहानपणी टीव्हीवर जे बघितलं आणि आता नेटवर जे फुकट मिळतं त्यातलं पुष्कळसं या पळवलेल्या वेगाचंच आहे, आणि त्यामुळे आपल्या डोक्यात बसलंय की जुने लोक म्हणजे तुरुतुरु चालणारे.

इथे एक बारीक गोष्ट आहे ती मात्र लक्षात ठेवा. विनोदी फिल्मवाले स्वतःसुद्धा मुद्दाम हँडल थोडं सावकाश फिरवायचे, म्हणजे पडद्यावर हालचाल जरा चटपटीत दिसेल. पाठलाग असेल तर आणखी सावकाश, आणि हळवा सीन असेल तर नेहमीच्या वेगावर परत. म्हणजे वेग हा त्यांच्या हातातला तबलाच होता, एकाच फिल्ममध्ये लय बदलायची. म्हणून 'सगळं नॉर्मल करून टाकू' म्हणून स्लो केलेल्या प्रतीसुद्धा चुकीच्याच, त्यात जीव राहत नाही. चांगली रिस्टोर केलेली प्रत शोधा, ते लोक वेगावर फार कष्ट घेतात. इटलीतल्या बोलोन्याच्या सिनेतेकानं, म्हणजे तिथल्या फिल्म-संग्रहालयानं, चॅप्लिन आणि कीटन दोघांच्याही फिल्मवर वर्षानुवर्षं काम केलंय. नाहीतर या फिल्मपैकी बऱ्याच कॉपीराइटमधून सुटलेल्या आहेत, त्यामुळे कोणीही कुठलीही कळकट प्रत घेतो, त्यावर एक टणटण पियानो लूपवर लावतो आणि अपलोड करतो, पडद्यावर माणूस उपाशी बसलाय आणि खाली सर्कशीचं म्युझिक चालू आहे. मुलं उठून गेली त्यात मुलांची काहीच चूक नाही.

तुम्ही म्हणाल की मग आम्हाला लहानपणी हसू कसं यायचं, तेव्हाही प्रत खराबच होती. बरोबर आहे. आमच्या गल्लीत गणपतीत रस्त्यावर पडदा लागायचा, १६ एमएमचा प्रोजेक्टर, पडद्याच्या दोन्ही बाजूंना माणसं बसलेली, मागच्यांना मधल्या संवादांच्या पाट्या उलट्या दिसायच्या आणि तरी कोणाची तक्रार नव्हती. दीडशे-दोनशे माणसं एकत्र हसत होती आणि ते हसू एकमेकांना लागत होतं. या फिल्म तशाच गर्दीसाठी बनल्यात, गॅग, म्हणजे विनोदाचा प्रसंग, झाल्यावर हसायला जागा सोडलेली असते, आणि घरात दोघंच बसले की ती जागा नुसती रिकामी वाटते. म्हणून पहिला उपाय सांगतो तो साधा आहे, शेजारची चार पोरं बोलवा.

आता मुख्य मुद्द्यावर येतो.

या लोकांना बघताना दोन गोष्टींवर नजर ठेवा. माणूस डोक्यापासून पायापर्यंत फ्रेममध्ये आहे का, आणि नेमकी गोष्ट घडते त्या क्षणी कट आहे का. मी कामाला नवीन होतो तेव्हा एका मालिकेत सीन आला होता. चहाचा ट्रे घेऊन एक जण येतो, सतरंजीचा कोपरा पायात अडकतो, ट्रे तिरका होतो, तो सहा कप सावरत सावरत पाच पावलं जातो, सगळे वाचतात आणि अगदी शेवटी एकच कप कलंडतो, तोही सासऱ्यांच्या धोतरावर. नट रंगभूमीवरचा, फार तयारीचा. मी उत्साहात पायाचा क्लोजअप, कपांचा क्लोजअप, सासऱ्यांचा चेहरा, परत ट्रे असे नऊ कट लावले. कोणी हसेना. माझ्या सीनियरनं सगळं काढून टाकलं आणि लांबून घेतलेला एकच शॉट ठेवला, अकरा सेकंदांचा, आणि खोलीतले सगळे हसले, चहा घेऊन आलेला मुलगासुद्धा. कारण तुकडे केले की बघणाऱ्याला कळतच नाही की कप त्या माणसानं सावरले की आम्ही टेबलावर बसून सावरले. डोळ्यासमोर अख्खं घडलं तरच ते खरं वाटतं, आणि पडण्यातलं हसू खरेपणातून येतं. त्या दिवशी संध्याकाळी घरी येऊन मी कीटनची फिल्म लावली आणि पहिल्यांदा एडिटरच्या नजरेनं बघितली.

बस्टर कीटन १८९५ चा. आईवडील गावोगावी फिरून खेळ करणारे, आणि पोराला चालता-बोलता यायला लागल्यावर लगेच स्टेजवर घेतला. बाप त्याला उचलून फेकायचा, पडद्यावर, विंगेत, क्वचित प्रेक्षकांतही, आणि फेकायला सोपं जावं म्हणून पोराच्या कपड्यांना पाठीमागे सुटकेसची मूठ शिवलेली असायची. आज ऐकायलाही नको वाटतं. पण तिथे तो पडायला शिकला आणि आणखी एक गोष्ट त्याला लहानपणीच कळली, की मी हसलो की लोक कमी हसतात. तो गंभीर चेहरा तिथून आलाय. १९१७ साली न्यूयॉर्कमध्ये तेव्हाचा मोठा विनोदी नट रॉस्को आर्बकल याच्या युनिटमध्ये गेला आणि पहिलं काम काय केलं तर कॅमेरा मागितला, तो आत कसा चालतो ते समजून घ्यायला. मला या माणसाबद्दल जे प्रेम आहे त्याचं अर्धं कारण हे आहे. नट कॅमेऱ्यासमोर उभा राहायच्या आधी कॅमेरा खोलून बघतोय.

१९२० चा 'वन वीक' बघा, वीस-पंचवीस मिनिटांचा आहे. नवरा-बायकोला लग्नात घर भेट मिळतं, पण ते खोक्यांमधून येतं, नंबर बघून जोडायचं. बायकोचा जुना चाहता खोक्यांवरचे नंबर बदलून ठेवतो. पुढे जे घर उभं राहतं ते बघून आठ वर्षांचं मूल हसलं नाही असं माझ्या कार्यशाळेत अजून एकदाही झालेलं नाही. दार दुसऱ्या मजल्यावर हवेत उघडतं, भिंती तिरप्या, आणि वादळात अख्खं घर गरागरा फिरतं. ते घर खरोखर बांधलेलं होतं, फिरत्या चकतीवर. त्यात एक भिंत कीटनच्या अंगावर पडते आणि तो बरोबर खिडकीच्या मोकळ्या जागेतून वाचतो. 

ती छोटी भिंत नीट लक्षात ठेवा, कारण आठ वर्षांनी, १९२८ च्या 'स्टीमबोट बिल ज्युनिअर' मध्ये त्यानं तीच गोष्ट खऱ्या वजनाची केली. चक्रीवादळ आलंय, कीटन रस्त्यात भांबावून उभा आहे, पाठीमागे दुमजली घर. त्या घराची अख्खी पुढची भिंत सुटते आणि पुढे कलंडते. वजन दोन टनांच्या आसपास. भिंत हलकी ठेवली असती तर वाऱ्यानं वाकली असती आणि पडताना कुठे गेली असती सांगता येत नाही, म्हणून ती जड असणंच भाग होतं. वरच्या मजल्याची उघडी खिडकी त्याच्या अंगावरून आरपार जाते, डोक्याला आणि दोन्ही खांद्यांना मोजून काही इंच मोकळे. एक टेक. कॅमेरा लांब, अख्खं घर, अख्खा माणूस, कट नाही. भिंत पडते, धूळ उडते, आणि तो तिथेच तसाच उभा असतो, जणू काय झालं ते त्याला अजून कळलेलं नाही. मी हा शॉट वर्गात एकदा वेगानं आणि मग फ्रेम-फ्रेम पुढे नेत दाखवतो. भिंत येताना त्याचं अंग जराही आकसत नाही, हे मुलांच्या आपोआप लक्षात येतं आणि मग वर्गात एकदम शांतता होते. एका मुलीनं विचारलं होतं, 'सर, हे बघून हसायचं की घाबरायचं?' दोन्ही, बाळा. दोन्ही एकदम होतं म्हणूनच तो शॉट शंभर वर्षं टिकायला आलाय.

'द जनरल' १९२६ चा, अमेरिकन यादवी युद्धातल्या एका खऱ्या आगगाडी-चोरीवर बेतलेला. ऑरेगॉनमधल्या कॉटेज ग्रोव्ह गावाजवळ शूटिंग झालं आणि त्यात जळता पूल कोसळून खरं इंजिन नदीत पडतं, त्या एका शॉटला ४२ हजार डॉलर खर्च आला असं सांगतात, आणि ते इंजिन दुसऱ्या महायुद्धात भंगारासाठी काढेपर्यंत नदीतच पडून होतं. लोक त्या शॉटबद्दल बोलतात. मला त्याच फिल्ममधला एक छोटा शॉट जास्त आवडतो. मुलीनं नाकारलंय, हा इंजिनाच्या चाकांना जोडणाऱ्या दांड्यावर खिन्न होऊन बसलाय. इंजिन हळूच सुरू होतं आणि दांडा त्याला घेऊन वर-खाली, वर-खाली होत पुढे जातो, आणि हा एवढा दुःखात आहे की त्याला पत्ताच नाही. विनोद एवढाच. पण इंजिन चालवणाऱ्याच्या हातून वाफ जरा जास्त सुटली असती आणि चाकं जागच्या जागी फिरली असती तर माणूस गेला असता. दिसायला मात्र पाळण्यात बसल्यासारखा दिसतो.

ही फिल्म तेव्हा चालली नाही. पुढे १९२८ मध्ये तो एमजीएम या मोठ्या स्टुडिओकडे गेला, स्वतःचं युनिट, स्वतःचा वेळ, सेटवर सुचेल ते करायची मोकळीक हे सगळं गेलं, दारू वाढली, आणि दहा वर्षांत लोक विसरलेसुद्धा. नंतर अभिनेता जेम्स मेसन कीटनच्या जुन्या बंगल्यात राहायला आला तेव्हा तिथे फिल्मचे डबे सापडले, आणि म्हातारपणी का होईना कीटनला लोकांनी परत उचलून धरलं. १९६६ ला गेला. 'शेरलॉक ज्युनिअर' च्या वेळी रेल्वेच्या टाकीचं पाणी अंगावर कोसळून मान रुळावर आपटली होती, त्याला वाटलं डोकं दुखतंय, काम करत राहिला. मान मोडली होती हे पुढे कित्येक वर्षांनी डॉक्टरनं एक्स-रेत बघून सांगितलं.

आता चॅप्लिन. तुम्ही कुठली फिल्म लावलीत ते लिहिलेलं नाही पण अंदाज करतो, १९१४ ची किस्टोन कंपनीची एखादी असणार, कारण नेटवर त्याच सगळ्यात वर येतात. ती त्याची अगदी सुरुवात आहे. लंडनच्या फ्रेड कार्नोच्या नाटक कंपनीतून आलेला पोरगा, आठवड्याला १५० डॉलरवर, आणि कंपनीचं धोरण म्हणजे पळा, मारा, पडा. त्यात लाथा फार आहेत. मुलांना तिथून सुरुवात करून देऊ नका. दोनच वर्षांत, १९१६ मध्ये, म्युच्युअल कंपनीनं त्याला आठवड्याला दहा हजार डॉलर दिले आणि तिथल्या बारा फिल्ममध्ये तो चॅप्लिन झाला. त्यातली 'द पॉनशॉप' लावा. गहाणवटीच्या दुकानात एक गिऱ्हाईक गजराचं घड्याळ घेऊन येतं. चॅप्लिन ते घड्याळ डॉक्टरसारखं तपासतो, स्टेथोस्कोप लावून. मग टिचक्या मारून बघतो. मग डबा फोडायच्या ओपनरनं मागचं झाकण कापतो आणि आतला वास घेतो, सार्डिनचा डबा उघडावा तसा. आतली स्प्रिंग ओढून फीत मोजावी तशी मोजतो. सगळे भाग टेबलावर पसरतात, त्यांना तेल घालतो, आणि शेवटी सगळा चुराडा गिऱ्हाइकाच्या टोपीत भरून मान हलवतो, घेत नाही म्हणून. बहुतेक सगळं एका जागी, कॅमेरा हलत नाही, आणि समोरच्या गिऱ्हाइकाचा चेहरा बघत राहा. एक घड्याळ किती वस्तू होऊ शकतं हे बारा वर्षांच्या मुलाला लगेच कळतं. आमच्याकडे यानंतर मुलांना एकेक वस्तू देतो, लाटणं, छत्री, चप्पल, आणि म्हणतो की ही दुसरीच काहीतरी आहे असं करून दाखवा. अर्धा तास कुठे जातो कळत नाही.

मोठ्यांसाठी चॅप्लिनचं सगळ्यात अवघड काम म्हणजे 'सिटी लाइट्स' मधला फुलवालीचा पहिला सीन. गोष्ट अशी आहे की आंधळ्या मुलीला वाटायला हवं की हा भणंग माणूस श्रीमंत आहे. आता हे मूकपटात कसं दाखवणार? ती बघू शकत नाही आणि आपण ऐकू शकत नाही. त्यानं काय केलं, रस्त्यावर गाड्या तुंबल्यात, पलीकडे जायला वाट नाही, म्हणून चॅप्लिनचा भटक्या एका उभ्या मोटारीच्या एका दारातून आत शिरतो आणि फुटपाथच्या बाजूच्या दारातून बाहेर येतो. दार धाडकन बंद होतं. मुलगी मान वळवते आणि फूल पुढे करते, कारण तिनं मोटारीचं दार ऐकलंय. मग फूल खाली पडतं, तो उचलतो, ती अजून जमीन चाचपडतेय, आणि तेव्हा त्याला कळतं की हिला दिसत नाही. तो पैसे देतो, तेवढ्यात मोटारीचा खरा मालक येऊन गाडीत बसतो, परत दार, गाडी निघून जाते. मुलगी सुटे पैसे हातात धरून थांबते, तिच्या दृष्टीनं साहेब सुटे न घेताच गेले. आणि हा तिथेच उभा आहे, पावलांचा आवाज होऊ नये म्हणून चवड्यांवर लांब जातो. म्हणजे अख्खी फिल्म एका आवाजावर उभी आहे आणि तो आवाज आपल्याला ऐकूच येत नाही! हे सुचेपर्यंत त्यानं सेटवर माणसं बसवून ठेवली, शूटिंग १९२८ च्या डिसेंबरमध्ये सुरू झालं आणि फिल्म लागली १९३१ च्या जानेवारीत, या एका सीनचे तीनशेच्या वर टेक झाले. तो कागदावर लिहून नाही, फिल्मवरच विचार करायचा. केविन ब्राउनलो आणि डेव्हिड गिल यांनी १९८३ मध्ये चॅप्लिनच्या टाकून दिलेल्या तुकड्यांवर एक मालिका केली होती, त्यात हे स्पष्ट दिसतं, एक कल्पना सुरू करतो, दहा टेक, बदलतो, पात्र काढून टाकतो, परत पहिल्यापासून. एडिटर म्हणून मला ते तुकडे बघताना धाप लागते.

हॅरॉल्ड लॉइड आपल्याकडे कोणाला फारसा माहीत नाही, घड्याळाच्या काट्याला लटकलेला चष्मेवाला म्हटलं की चित्र तेवढं आठवतं. तेव्हा तो चॅप्लिनच्या बरोबरीनं चालायचा, फिल्मही जास्त करायचा, पण स्वतःच्या फिल्मचे हक्क त्यानं हातात ठेवले आणि टीव्हीवाल्यांना सहजासहजी दिल्या नाहीत, त्यामुळे एक पिढी त्याला न बघताच मोठी झाली. त्याचं पात्र भटक्याचं नाही, साधा नोकरदार मुलगा. १९२३ च्या 'सेफ्टी लास्ट' मध्ये तो गावाकडून शहरात आलाय, कापडाच्या काउंटरवर १५ डॉलर पगार, आणि तिकडे प्रेयसीला पत्रं लिहितो की मी मोठा साहेब झालोय. मुंबईत कॉट भाड्यानं घेऊन राहणाऱ्या आणि गावी 'सगळं झकास' कळवणाऱ्या कितीतरी मुलांना हा ओळखीचा वाटेल. शेवटी तो इमारत चढतो. चढाईसाठी लॉस एंजेलिसमधल्या खऱ्या इमारतींच्या गच्चीवर भिंतीचा सेट उभा केला होता, एकापेक्षा एक उंच इमारती निवडून, म्हणजे मागे खाली खरा रस्ता, खऱ्या ट्रामगाड्या दिसतात आणि प्रत्यक्षात खाली काही फुटांवर गाद्या टाकलेलं फळकूट. म्हणजे सुरक्षित होतं असं नाही, गादीवरून उसळलं तर पुढे कठडाच. आणि आता त्याचा उजवा हात बघा. १९१९ मध्ये फोटो काढताना खोटा समजून हातात धरलेला बॉम्ब खराच फुटला आणि त्याचा उजवा अंगठा आणि त्याशेजारचं बोट गेलं. त्यानंतरच्या सगळ्या फिल्ममध्ये तो खोटी बोटं बसवलेला हातमोजा घालून आहे. घड्याळाला लटकलाय तोही तसाच. हे मुलांना फिल्म संपल्यावर सांगा, आधी नको, आणि मग तीच पाच मिनिटं परत लावा.

आणि लॉरेल-हार्डी, म्हणजे आपले जाड्या-रड्या. यांचं बोलपटातलं काम लोकांना ठाऊक असतं पण जोडी जमली ती मूकपटात, १९२७ मध्ये, हॅल रोचच्या स्टुडिओत. यांनी एक फार धाडसाची गोष्ट केली, सगळे पळत असताना हे हळू झाले. १९२९ चा 'बिग बिझनेस' घ्या. कॅलिफोर्नियाच्या उन्हात हे दोघं दारोदार नाताळची झाडं विकतायत. एका घरमालकाशी वाजतं. तो यांचं झाड कापतो, हे त्याची दारावरची घंटा उखडतात, तो यांच्या गाडीचा दिवा काढतो, आणि असं करत करत एकीकडे अख्खं घर आणि दुसरीकडे अख्खी गाडी होत्याची नव्हती होते. गंमत अशी की एक जण मोडत असताना दुसरा शांतपणे उभा राहून बघतो, त्याचं होईपर्यंत थांबतो, मग आपली पाळी घेतो. पोलीससुद्धा येऊन वहीत टिपून घेतोय. दोन भावंडांच्या भांडणात नेमकं हेच चालतं, त्यामुळे तुमच्या घरी हा चालेलच.

यांच्याही आधीचा एक माणूस, फ्रान्सचा मॅक्स लिंडर. उंच टोपी, कोट, छडी, सभ्य गृहस्थ, आणि सतत फजिती. १९१० च्या आसपास तो युरोपभर पोचलेला होता, आणि चॅप्लिन त्याला गुरू म्हणायचा. आणि मेबल नॉर्मंडला विसरू नका, किस्टोनमध्ये ती नुसती नायिका नव्हती, १९१४ मध्ये दिग्दर्शन करत होती, चॅप्लिनच्या फिल्मसुद्धा. आर्बकलचं तर फार वाईट झालं, १९२१ मध्ये एका तरुणीच्या मृत्यूचं बालंट आलं, तीन खटले झाले, शेवटच्या ज्युरीनं निर्दोष सोडून वर त्याची माफीही मागितली, पण पडद्यावरून तो जवळजवळ दहा वर्षं गायबच झाला. त्याच्या बऱ्याच फिल्म हरवल्या. त्या काळची नायट्रेट फिल्म पेट घ्यायची, नाहीतर डब्यात सडून भुकटी व्हायची, आणि पुष्कळ तर स्टुडिओंनी जागा अडते म्हणून फेकल्या. आपल्याकडेही तेच झालं, फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' पूर्ण उरलेला नाही, आणि आपल्या मूकपटांतले हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच आज नीट बघता येतात, तेही पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात पी. के. नायरांसारख्या माणसानं डबे शोधत फिरून जमवले म्हणून.

चॅप्लिन मोठा की कीटन याचं माझं उत्तर सरळ आहे. शॉट कसा लावावा, कट कुठे करू नये, हे शिकायला मी कीटनकडे जातो, महिन्यातून एकदा तरी. पण 'सिटी लाइट्स' चा शेवट, तो जिथे क्लोजअप येतो आणि यायलाच हवा असतो, तसं मला दुसऱ्या कोणाचं काही माहीत नाही. तो शेवट इथे सांगणार नाही. तो मुलांना दोन-तीन वर्षांनी दाखवा, आत्ता नको.

आत्ता असं करा. पहिल्या शनिवारी 'वन वीक'. पुढच्या आठवड्यात 'बिग बिझनेस', मग 'द पॉनशॉप'. हे तिन्ही अर्ध्या तासाच्या आतले आहेत, मुलांची बसायची सवय तेवढ्यात होते. मग पाऊण तासाचा 'शेरलॉक ज्युनिअर', त्यात थिएटरमधला प्रोजेक्टर चालवणारा झोपेत पडद्याच्या आत शिरतो, मोबाइलवर वाढलेल्या मुलांनाही ते कसं केलं असेल याचं कोडं पडतं. त्यानंतर 'सेफ्टी लास्ट' आणि 'द जनरल', या दोन्हींना कार्ल डेव्हिसनं संगीत दिलेल्या प्रती आहेत, मिळाल्या तर त्याच घ्या. कीटनचा 'सेव्हन चान्सेस' मात्र आधी स्वतः बघा, त्यातला दगडांच्या घसरणीचा पाठलाग अप्रतिम आहे पण तोंडाला काळं फासून केलेली काळ्या माणसाची नक्कलही आहे, ती मुलांना न समजावता दाखवू नये. 'द जनरल' चा नायकही गुलामगिरी टिकवणाऱ्या बाजूचा आहे, बारा वर्षांच्या मुलाशी त्यावर बोलता येतं.

मधल्या इंग्रजी पाट्या मुलांना वाचायला सांगू नका, तुम्ही मोठ्यानं मराठीत वाचा, तुमच्या शब्दांत. मूकपटाच्या काळात आपल्या थिएटरांतही न वाचता येणाऱ्यांसाठी कोणीतरी मोठ्यानं वाचायचंच. खोलीत अंधार करा, मोबाइल दुसऱ्या खोलीत. 'वन वीक' मध्ये शेवटची दोन-तीन मिनिटं घर ओढून नेताना रेल्वेच्या रुळांवर अडकतं आणि लांबून गाडी येताना दिसते. तिथे तुम्ही काही बोलू नका, पडद्याकडेही नाही बघितलं तरी चालेल, मुलांच्या तोंडाकडे बघा.